कवितेवरच्या निबंधात परिच्छेद कसा फुलवायचा: ‘औदुंबर’चं उदाहरण

कवितेवरच्या निबंधातले परिच्छेद दोन-तीन वाक्यांतच दम टाकतात, आणि दोष बहुतेक वेळा पहिल्या वाक्याचा असतो. ‘बालकवींनी निसर्गाचं सुंदर चित्र रेखाटलं आहे’ हे वाक्य कोणीही नाकारणार नाही. मग त्यापुढे सिद्ध करायला उरतं काय? ‘अप्रतिम’, ‘मनोहारी’ असे शब्द भरून तीच स्तुती लांबवावी लागते.

सुरुवात विधानापासून न करता पेन्सिलीपासून करा. बालकवींची ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची कविता आहे. तिच्यातले रंग अधोरेखित केले तर हाती येतात ते असे: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. शब्द ओळीने मांडले की क्रम दिसतो. हिरव्यापासून सुरू झालेली कविता काळ्यापाशी पोचते. हे झालं निरीक्षण. ‘मग त्याने काय होतं?’ या प्रश्नाचं उत्तर त्याला जोडलं की विधान तयार होतं. पूर्ण परिच्छेद असा होईल:

“‘औदुंबर’मधले रंग आपल्याला काळोखाकडे नेतात, पण तो काळोख भिववणारा नाही. सुरुवातीला तटांवरची ‘हिरवाळी’ आणि शेतमळ्यांची ‘हिरवी गर्दी’ नजर व्यापून टाकतात. पाचव्या ओळीत त्या हिरव्यात एक पांढरी पायवाट उमटते आणि तिच्या मागोमाग आपण ‘काळ्या डोहाकडे’ जातो. इथे कविता भयाकडे वळू शकली असती. पण लगेच पुढच्या ओळीत लाटांवर पसरतो तो ‘गोड काळिमा’. ‘जळ गोड काळिमा’ या शब्दक्रमात ‘गोड’ हे जळाचं विशेषण आहे, असाही अन्वय लावता येईल. तरी हा शब्द काळिम्याला इतका खेटून आला आहे की त्याची चव काळिम्याला लागल्यावाचून राहत नाही. त्यामुळे पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर एकटा असला, तरी भेदरलेला वाटत नाही. त्याने ती जागा आपणहून निवडल्यासारखी वाटते.”

यात उद्धृत केलेले शब्द मोजके आहेत. बाकी सगळी जागा विवरणाला गेली आहे. एक ओळ उद्धृत केली तर तिच्यावर निदान दोन-तीन वाक्यं लिहिता आली पाहिजेत. तेवढं सुचत नसेल तर ते अवतरण काढून टाका. चार ओळींचं कडवं जसंच्या तसं उतरवलं की पान भरतं, पण त्यातल्या कोणत्या शब्दाकडे बघायचं हे वाचणाऱ्याला कळत नाही. शब्द आपल्या वाक्याच्या व्याकरणात बसवून घ्या, मात्र त्यांचं रूप बदलू नका: मुळात ‘काळ्या डोहाकडे’ आहे, तर अवतरणचिन्हांत ‘काळा डोह’ लिहायचं नाही.

‘गोड’च्या अन्वयाबद्दलचं वाक्य मुद्दाम पाहा. आपल्या वाचनावर येऊ शकणारा सर्वांत बळकट आक्षेप परिच्छेदातच घेतला की विवरण खोल जातं. आक्षेप सुचतच नसेल, तर विधान बहुधा फारच गुळगुळीत आहे. सगळ्याच परिच्छेदांत हे करायची गरज नाही, निबंधाचा कणा असलेल्या एक-दोन ठिकाणी पुरे.

सर्वांत जास्त घात होतो तो सरळार्थाने. ‘कवी सांगतो की झरा वाहतो, पलीकडे छोटं गाव आहे, मग पायवाट लागते’ अशी वाक्यं कवितेच्या मागून चालतात, तिच्याबद्दल काही सांगत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: परिच्छेदात ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘पुढे कवी म्हणतो’ हे शब्द वाढले की समजावं, गाडी सरळार्थावर गेली.

दुसरा मोह चरित्राचा. बालकवी १९१८ साली, तिशीच्या आतच, रेल्वेखाली सापडून गेले, म्हणून काळ्या डोहात मृत्यूची चाहूल शोधली जाते. तो पुरावा कवितेबाहेरचा आहे. डोहाचा मृत्यूशी संबंध दाखवायचाच असेल, तर आधी या आठ ओळींतला शब्द दाखवा. तो न सापडल्यास मुद्दा सोडून द्या.

लांबीचं म्हणाल तर शंभर ते दीडशे शब्द पुरतात. त्याहून वाढलं तर बहुधा दुसरा मुद्दा आत शिरलेला असतो. उदाहरणार्थ, याच कवितेत झरा ‘वाहतो’, पायवाट ‘चालली’ आणि औदुंबर मात्र ‘बसला’ आहे. क्रियापदांचं हे निरीक्षण मोलाचं आहे, पण रंगांच्या परिच्छेदात कोंबलं तर दोन्ही अर्धवट राहतील. त्याला पुढचा परिच्छेद द्या आणि सांधा आधीच्या शेवटच्या वाक्यातून काढा: औदुंबराने जागा निवडल्यासारखी वाटते, आणि भोवतालचं सगळं हलत असताना त्याचं बसणं अधिकच ठळक होतं.

निबंध संपल्यावर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा. दोन वाक्यं एकच गोष्ट सांगत असतील तर ते परिच्छेद एकत्र करा. एखादं वाक्य दुसऱ्या कुठल्याही निसर्गकवितेला जसंच्या तसं लागू पडत असेल, तर तो परिच्छेद पुन्हा पेन्सिलीपासून सुरू करा.