पूर ओसरल्यावर मदत हुकते ती कुठे? शहरातल्या घरांनी या चुका टाळा

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. तेव्हा, आणि पुन्हा २०२१ च्या पुरानंतर, आमच्या गल्लीतल्या लोकांचे सरकारी मदतीचे अर्ज भरून द्यायला मी बसत असे. पाणी सगळ्यांच्याच घरात शिरलं होतं. पैसे मात्र कुणाला लगेच मिळाले, कुणी सहा महिने हेलपाटे घातले, कुणाला मिळालेच नाहीत. कारण शोधत गेलं की बहुतेक वेळा ते पाणी उतरल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच सापडायचं.

पंचनाम्याआधीच सगळं धुऊन काढणं

चिखल घरात ठेवून पंचनाम्याची वाट बघा, असं मी कुणालाही सांगणार नाही. त्या घाणीने लेकरं आजारी पडतात. पण फावडं उचलण्याआधी अर्धा तास फोटोंना द्या. दारावरचा घरपट्टीचा नंबर किंवा शेजारची ओळखीची खूण दिसेल असा बाहेरून एक फोटो घ्या. मग प्रत्येक खोली, भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, गाद्या, कपाट. फोटो लगेच गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा, म्हणजे फोन बिघडला तरी ते राहतात.

पाणी चढतानाचा आणि उतरतानाचा फोटोही हवाच. कपडे-भांड्यांच्या मदतीसाठी केंद्राच्या निकषांत घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असण्याची अट आहे. राज्य सरकार कधी कधी ती शिथिल करतं, पण त्या भरवशावर राहू नये. दोन तारखांचे दोन फोटो असले की वाद उरत नाही.

पथक आलं तेव्हा घराला कुलूप

ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली, आणि तिचं वाईटही फार वाटतं. कारण घर सोडा, सुरक्षित जागी जा, हे प्रशासनानेच सांगितलेलं असतं. माणसं मिरजेला, विट्याला पाहुण्यांकडे जातात. इकडे तलाठी आणि महापालिकेचे कर्मचारी गल्लीतून फिरून जातात आणि कुलूपबंद घर यादीतून सुटतं. पाणी उतरू लागलं की घरातल्या एकाने तरी परत यावं. तेही जमत नसेल तर शेजाऱ्याकडे आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स आणि आपला फोन नंबर देऊन ठेवावा. तरीही घर सुटलंच, तर त्याच आठवड्यात तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पुरवणी पंचनामा मागा. 'तुमचं नाव घेतो' या तोंडी शब्दावर घरी परतू नका. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच हातात घ्या.

मातीच्या भिंतींची जुनी घरं असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. भिंत पाण्यात उभी राहते आणि वाळायला लागली की कोसळते. पहिल्या पंचनाम्यात 'अंशतः नुकसान' लिहिलेलं असतं आणि आठ दिवसांनी अख्खी बाजू खाली येते. तेव्हा लगेच पुन्हा कळवावं लागतं, कारण रकमेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट भागातलं घर, पक्कं असो वा कच्चं, पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये, आणि किमान १५ टक्के अंशतः नुकसान असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत.

'आम्ही भाडेकरू, आम्हाला काय मिळणार?'

असं म्हणून अर्जच न करणारी कितीतरी कुटुंबं आहेत. घर पडल्याची मदत घरमालकाची. कपडे-भांड्यांची मदत मात्र तिथे राहत असलेल्या कुटुंबाची. भिजलं ते तुमचं सामान. भाडेकरार नसेल तर गॅसचं पुस्तक, मुलांचा शाळेचा दाखला, त्या पत्त्यावर आलेली टपाल-पत्रं पुढे करा आणि पंचनाम्यात शेजाऱ्यांची पंच म्हणून सही घ्या. घरमालक स्वतःचंच नाव लिहून घेत असेल तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा. पुढे हे सुधारून घेणं फार जड जातं.

एका घरात तीन भाऊ आणि रेशनकार्ड एक, अशा ठिकाणी एकच कुटुंब धरलं जातं. चुली वेगळ्या असतील तर कार्डही आधीच वेगळं करून घ्यावं. पुरानंतर केलेल्या विभक्त कार्डाकडे संशयाने बघतात.

पैसे जमा झाले, पण कुठे?

आमच्या शेजारच्या आजी दोन महिने एकाच बँकेत पासबुक भरून आणत होत्या. पैसे दुसऱ्याच खात्यात पडले होते. आधारवरून येणारी रक्कम ज्या बँकेला आधार शेवटचं जोडलं, त्याच खात्यात जाते. 'माय आधार'च्या संकेतस्थळावर ती बँक कोणती हे दिसतं. अर्ज भरण्याआधी हे बघा. कागद वाहून गेले असतील तर डिजिलॉकरमधली प्रत कायद्याने मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. मात्र आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा.

पंचनाम्याला कुठेही पैसे लागत नाहीत, आणि मदतीच्या नावाखाली फोनवर कुणी ओटीपी विचारला तर देऊ नका.

मदत म्हणजे भरपाई नव्हे

२०१९ मध्ये राज्याने शहरी कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण कुटुंबाला १० हजार जाहीर केले होते. केंद्राचे २०२२ ते २०२६ साठीचे निकष याहून बरेच कमी आहेत: कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. फ्रिज, टीव्ही, मोटारसायकल यांचे पैसे यात धरलेले नाहीत, ते विम्यातून मिळतात. पाण्यात बुडालेली गाडी विमा कंपनीला कळवण्याआधी चालू करून बघू नका. इंजिन बिघडतं आणि दावाही अडकतो. छोट्या दुकानदारांना २०२१ मध्ये नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार मिळाले होते. त्यासाठी दुकान अधिकृत असणं, रेशनकार्ड आणि मतदार यादीत नाव, हे सगळं लागलं. शॉप अ‍ॅक्टचा कागद आणि मालाची बिलं पावसाळ्याआधीच फोनमध्ये टिपून ठेवलेली बरी.

एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. पुरात घरातलं माणूस गेलं तर वारसांना ४ लाख रुपये मिळतात, पण पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखाच्या भरात घरचे शवविच्छेदन नको म्हणतात, आणि मागे राहिलेल्या बाईमाणसाला मृत्यूचं कारण सिद्ध करता येत नाही. अशा वेळी जवळच्या कुणीतरी बाजूला घेऊन हे समजावून सांगायला हवं.

यादी लागली की स्वतः जाऊन नाव, खाते क्रमांक आणि रक्कम वाचा. नाव नसेल तर आधी तहसीलदार, मग जिल्हाधिकारी. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून आपल्याच घराच्या पंचनाम्याची प्रत मागा. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा ठेवा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आमच्या गल्लीतल्या दोन घरांना अशी प्रत मिळाली तेव्हा कळलं, घर क्रमांकात एक आकडा चुकला होता. दुरुस्तीचा अर्ज त्याच प्रतीला जोडून दिला आणि पुरवणी यादीत दोन्ही नावं आली.