गरब्यात वाटीखाली दुखणारा गुडघा: टेंडन पुन्हा कसा घडवायचा

आधी दुखण्याची जागा एका बोटाने दाखवून बघा. नेमके गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकावर, नाण्याएवढ्या जागेत दुखते, उडी घेताना किंवा गरब्यात झटकन वाकून उठताना कळ वाढते आणि बसले की थांबते, तर बहुधा वाटीपासून नडगीपर्यंत जाणारा पटेलर टेंडन दुखावला आहे. टेंडन म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारा चिवट दोर. वाटीच्या वरच्या काठावर, उकिडवे बसताना दुखत असेल तर मांडीच्या पुढच्या स्नायूचा, म्हणजे क्वाड्रिसेप्सचा टेंडन. दुखणे वाटीभोवती पसरलेले असेल आणि पाय दुमडून बराच वेळ बसल्यावरही होत असेल, तर दोष वाटीमागच्या सांध्यात असण्याची शक्यता जास्त.

नुसते दाबून निदान करू नका. निरोगी टेंडनही दाबल्यावर थोडा दुखतो. भार वाढेल तशी कळ वाढते का, हे बघायचे: दोन पायांवर उथळ बैठक, मग एका पायावर, मग एका पायावर उडी.

टेंडन स्प्रिंगसारखा काम करतो: ताणला जातो, शक्ती साठवतो, परत देतो. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, टेंडनला महिने लागतात. वर्षभर खुर्चीत बसून नंतर सलग नऊ रात्री तासन् तास फेर धरला की त्यातल्या कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या तंतूंची घडी विस्कटते. मूळ दोष सुजेचा नसल्यामुळे सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरे वाटते, टेंडन सुधारत नाही. फसगत होते ती पुढे. पहिल्या दोन फेऱ्या दुखते, अंग तापले की थांबते, म्हणून माणूस खेळत राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरवत नाही.

संपूर्ण विश्रांती ही सगळ्यात मोठी चूक. तीन आठवडे झोपून राहिलात तर कळ जाईल, पण टेंडनची भार सोसण्याची ताकद आणखी घटेल आणि पहिल्याच उडीला दुखणे परतेल. उड्या आणि धावणे थांबवा, भार थांबवू नका. मोजमाप असे: शून्य ते दहामध्ये तीनपर्यंतची कळ व्यायामात चालेल, पण ती दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आली पाहिजे. नाही आली तर मागच्या वेळचा भार जास्त झाला.

सुरुवात स्थिर ताणाने करा. न ताणणारा रुंद पट्टा खांबाला बांधून दोन्ही गुडघ्यांच्या मागे अडकवा, मागे सरका आणि हवेत खुर्ची असल्यासारखे बसा. नडगी उभी, पाठ ताठ, गुडघे 70 ते 90 अंशांत. 30 ते 45 सेकंद धरा, दोन मिनिटे थांबा, असे पाच वेळा, रोज. इथे हटकून होणारी चूक म्हणजे वजन नकळत चांगल्या पायावर जाणे; म्हणून समोर आरसा ठेवा.

कळ आटोक्यात आली की जड आणि सावकाश व्यायाम, आठवड्यातून तीनदा. उपचाराचा गाभा हाच आहे. जुम्मादादा आणि माणिकराव या आखाड्यातल्या उस्तादांच्या बडोद्यात बैठका शिकवाव्या लागत नाहीत, पण आखाड्यातल्या झपझप शंभर बैठका इथे उपयोगाच्या नाहीत. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर. सुरुवातीला 15 चे चार संच, पुढच्या आठवड्यांत वजन वाढवत 8 आणि 6 पर्यंत या. शेवटच्या दोन आवर्तनांत पाय थरथरला पाहिजे, नाहीतर वजन कमी आहे. जिममधल्या यंत्रांवर लेग प्रेस (पायाने वजन ढकलणे) आणि लेग एक्स्टेन्शन (बसून गुडघा सरळ करत वजन उचलणे) एकेका पायाने करा. दोन पायांनी केल्यास दुखरा पाय लपून राहतो. जिम नसेल तर दप्तरात पाच-पाच किलोच्या आट्याच्या पिशव्या भरून पाठीवर घ्या. पोटऱ्या आणि नितंबाचे स्नायूही सोडू नका.

दुखरा पाय चांगल्या पायाच्या जवळपास वजन पेलू लागला की मगच उड्या, त्याही दर तिसऱ्या दिवशी: आधी दोन पायांवर 10 चे तीन संच, मग एका पायावर, मग गिरक्या. या सगळ्याला तीन ते सहा महिने लागतात. अधिक मास मध्ये आला नाही तर आषाढी एकादशी ते घटस्थापना जेमतेम अकरा आठवडे मिळतात, तेव्हा एकादशीच्या आधीच सुरुवात झालेली असावी.

स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊन मैदानात उतरू नका. आराम काही आठवड्यांचा असतो आणि टेंडन कमकुवत होण्याचा धोका राहतो. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविके अलीकडे घेतली असतील किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. फट्‌ असा आवाज होऊन पाय सरळ उचलताच येत नसेल, गुडघा अडकत असेल, सांधा फुगला असेल किंवा ताप असेल तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांत नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखत असेल तर ते वाढीच्या हाडाचे दुखणे असते. त्यांना मोठ्यांचे वजन देऊ नका.

तयारी अपुरी असताना नवरात्र आलेच, तर एक रात्र सोडून एक रात्र खेळा, उड्या गाळून दोन टाळ्यांचा संथ गरबा धरा. देवीच्या दर्शनाला पावागडचा डोंगर चढायचा असेल तर उतरताना रोपवे घ्या. दुखऱ्या टेंडनला चढण्यापेक्षा उतरणे जड जाते.