आवडत्या स्पीकरचा टोन कॅब सिममध्ये जुळवताय? या चुका टाळा

समजा तुम्हाला जुन्या ब्रिटिश रॉकमधला ग्रीनबॅक स्पीकरचा आवाज मनापासून आवडतो. मॉडेलरमध्ये (अँपचा आवाज डिजिटली घडवणाऱ्या उपकरणात) ‘ग्रीनबॅक’ नावाचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकरच्या आवाजाची छाप असलेली फाइल) लोड करता, कॉर्ड वाजवता, आणि ऐकू येतं काहीतरी भलतंच. नाव तेच, आवाज परका. मग दुसरा आयआर, तिसरा, नवा पॅक, आणि तासाभराने कान इतके थकतात की काहीच चांगलं वाटत नाही. आयआर बदलत बसण्याआधी गडबड नेमकी कुठे होतेय ते शोधायला हवं. बहुतेक वेळा ती फाइलच्या दर्जात नसते.

आवडतं नेमकं काय, हे न ठरवणं

आयआर म्हणजे स्पीकरसमोर ठेवलेल्या माइकला ऐकू आलेला आवाज. अँपसमोर दोन मीटरवर उभं राहून आपण जे ऐकतो ते वेगळं असतं: स्पीकर गुडघ्यापाशी, कान वर, भिंतींवरून परतणारा आवाज, आणि छातीत जाणवणारा बास. तुमच्या मनातला टोन एखाद्या रेकॉर्डिंगमधला असेल तर आयआर हाच बरोबर रस्ता आहे, कारण त्या रेकॉर्डिंगमध्येही माइकच होता. पण तुम्हाला खोलीतला अँप हवा असेल, तर स्पीकरला चिकटवलेल्या माइकचा कुठलाही आयआर तो हेडफोनमध्ये देणार नाही. त्यासाठी कॅब सिम (मॉडेलरमधली आयआर चालवणारी सोय; कॅब म्हणजे स्पीकरचा खोका) बंद करून मॉडेलर पॉवर अँपमधून खऱ्या गिटार कॅबला जोडा. ते शक्य नसेल तर दूरच्या माइकचे आयआर शोधा.

कॅब दोनदा लागणं, किंवा एकदाही न लागणं

गिटार स्पीकरचा आवाज साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. हे उतरणं दोनदा झालं की टोन बोदा आणि कोंडलेला येतो. एकदाही झालं नाही तर डिस्टॉर्शन डबीत अडकलेल्या माशीसारखं गुणगुणतं. मॉडेलर गिटार कॉम्बोच्या इनपुटमध्ये लावलात तर कॅब सिम बंद हवं. पीए (कार्यक्रमातले मोठे स्पीकर), स्टुडिओ मॉनिटर किंवा हेडफोनला चालू हवं. आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: अँपच्या काही कॅप्चर फाइल्समध्ये (खऱ्या अँपचा आवाज टिपलेल्या फाइल्समध्ये) कॅब आधीच धरलेला असतो. त्यापुढे तुमचा आयआर लावला की झाले दोन कॅब.

फक्त स्पीकरच्या नावावर जाणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

आधी खात्री करा की तुमच्या आवडत्या टोनमागे खरंच तोच स्पीकर आहे. मार्शलचा ४×१२ (बारा इंची चार स्पीकरचा) कॅब म्हणजे ग्रीनबॅक असं अनेकजण धरून चालतात. पण अगदी सर्रास दिसणाऱ्या १९६० मालिकेच्या कॅबमध्ये सेलेशनचा जी१२टी-७५ असतो. त्याचे मिड्स (आवाजाचा मधला पट्टा) मागे असतात, आणि खालचा व वरचा भाग पुढे. २५ वॉटचा जी१२एम ग्रीनबॅक मिड्समध्ये गुरगुरतो, वर मऊ राहतो. ६० वॉटचा व्हिंटेज ३० अप्पर मिड्स पुढे ढकलतो, म्हणून मेटलच्या रिफला तो धार देतो आणि तोच क्लीनला कधीकधी टोचतो. व्हॉक्सच्या एसी३०मध्येही काहींत अल्निको ब्लू असतो, काहींत ग्रीनबॅक. शिवाय मागून उघडा कॉम्बो आणि बंद पाठीचा ४×१२ यांत तोच स्पीकर बसवला तरी बास पूर्णपणे वेगळा लागतो.

एवढं जमलं तरी माइकची जागा उरतेच. शूर एसएम५७ स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर धरला की आवाज टोकदार येतो. तो दोन-तीन सेंटिमीटर बाहेर, टोपीच्या कडेकडे सरकवला की गोल होतो, आणखी कडेला नेला की गडद. कॅबच्या पुढच्या कापडापासून थोडा मागे घेतला की बास कमी होतो. रॉयर आर-१२१सारखा रिबन माइक असेल तर वरचं टोक आपोआप मऊ येतं. माझ्या मते माइकच्या जागेतला हा फरक कित्येकदा दोन स्पीकरमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. ‘ग्रीनबॅक टोचतोय’ म्हणून फाइल टाकून देऊ नका. त्याच पॅकमधली टोपीच्या कडेची फाइल आधी ऐका.

तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. माइक आणि जागा तीच ठेवून वेगवेगळे स्पीकर ऐका. स्पीकर ठरला की जागा बदला, माइक सगळ्यात शेवटी. आणि दर वेळी नव्याने वाजवू नका, कारण हात दर वेळी वेगळा पडतो. कोरा गिटार सिग्नल एकदा रेकॉर्ड करा, किंवा मॉडेलरच्या सुरुवातीला लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारी सोय) ठेवा, आणि तोच तुकडा सगळ्या आयआरमधून फिरवा.

आवाजाची पातळी सारखी न करणं

दोन आयआरपैकी जो थोडा मोठा वाजतो तो चांगला वाटतो, हा कानाचा स्वभावच आहे. म्हणून आधी पातळी सारखी करा, मग निवडा. दुसरा भाग याहून महत्त्वाचा. हळू आवाजात आपल्या कानाला बास आणि ट्रेबल कमी जाणवतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये रात्री बेतानेच वाजवावं लागतं. तेव्हा बसवलेला पॅच (साठवलेलं सेटिंग) जॅम रूममध्ये ड्रमसमोर उघडला की खाली घुमतो आणि वर कान फाडतो. बँडसाठीचा पॅच एकदा तरी बँडच्या आवाजात बसवाच.

दोन आयआर आंधळेपणाने मिसळणं

दोन माइकचं मिश्रण सुंदर लागतं, पण ते वेळेत जुळलेले हवेत. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. माइकमध्ये ३.४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे ०.१ मिलिसेकंद, आणि त्याने ५ किलोहर्ट्झपाशी खड्डा पडतो. १७ सेंटिमीटरला तोच खड्डा १ किलोहर्ट्झवर येतो, म्हणजे गिटारच्या ऐन आवाजात. आवाज पोकळ लागला की एका आयआरची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटवा आणि आवाज सगळ्यात बारीक होईपर्यंत त्याचा डिले सरकवत राहा. मग पोलॅरिटी पूर्ववत करा.

फाइलचा सॅम्पल रेटही (सेकंदाला किती नमुने) पाहा. बहुतेक उपकरणं तो स्वतः बदलून घेतात. पण ४४.१ किलोहर्ट्झची फाइल तशीच ४८ किलोहर्ट्झवर चालली तर कॅबचा सगळा स्वभाव सुमारे ९ टक्के वर सरकतो, म्हणजे जवळपास दीड सेमीटोन. लांबीचं म्हणाल तर ४८ किलोहर्ट्झला २०४८ सॅम्पल म्हणजे ४३ मिलिसेकंद. जवळच्या माइकसाठी तेवढे पुरतात.

चुकीचा आयआर ईक्यूने दुरुस्त करणं

८० ते १०० हर्ट्झला लो कट (त्याखालचं कापणं) आणि ६ ते ८ किलोहर्ट्झला हाय कट (त्यावरचं कापणं), एवढं रास्त आहे. मधल्या पट्ट्यात पाच-सहा डेसिबल ओढाताण करावी लागत असेल तर आयआर बदला. त्याआधी गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) कमी करून पाहा, कारण जुन्या रेकॉर्डिंगमधला गेन आपल्याला वाटतो त्याहून बराच कमी असतो. आणि त्यातला जो जाड बास आपण गिटारचा समजतो, त्यातला बराचसा खरं तर ‘बास गिटार’ या वेगळ्या वाद्याचा असतो. म्हणून जुळवणी एकट्या गिटारवर न करता ड्रम आणि बासच्या ट्रॅकसोबत करा.

आयआरकडून नको ते मागणं

साधा आयआर स्पीकरची छाप धरतो, त्याचं थकणं धरत नाही. मोठ्या अँपने ताणलेला २५ वॉटचा ग्रीनबॅक दबतो, किंचित फाटतो. ते आयआरमध्ये येत नाही, कारण हळू वाजवा की जोरात, तो तसाच वागतो. मॉडेलरमध्ये स्पीकर ड्राइव्ह किंवा कॉम्प्रेशनची सोय असेल तर ती थोडी वापरा. स्पीकर इम्पिडन्सचं (विद्युत विरोधाचं) सेटिंग असेल तर तेही कॅबशी जुळवा. खरा ट्यूब अँप लोड बॉक्समधून (स्पीकरऐवजी अँपला जोडायच्या डब्यातून) वाजवत असाल आणि बास निर्जीव, वरचं टोक झाकोळलेलं वाटत असेल, तर बॉक्स नुसता रेझिस्टिव्ह (कायम एकसारखा विरोध देणारा) आहे का ते तपासा. खऱ्या स्पीकरचा विरोध सगळ्या फ्रिक्वेन्सींवर सारखा नसतो. ग्रीनबॅकचा तो ७५ हर्ट्झच्या आसपास उसळतो आणि ट्रेबलकडे पुन्हा चढतो, आणि ट्यूब पॉवर अँप त्याला प्रतिसाद देतो. लोड बॉक्समध्ये हे फक्त रिॲक्टिव्ह (स्पीकरसारखा बदलता विरोध देणाऱ्या) लोडवर मिळतं, ते कुठल्याही आयआरने भरून निघत नाही.