सर्व्हर हार्डनिंगची स्क्रिप्ट चालवताय? या चुका टाळा

सर्व्हरची सुरक्षा कडक करणारी (हार्डनिंग) स्क्रिप्ट कुठून तरी उतरवायची, वाचायची नाही आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या विंडोज सर्व्हरवर एकदम सोडायची. मग रात्री फोन येतो, 'आत जाताच येत नाहीये.'

हा पराक्रम मीही केलाय. मायक्रोसॉफ्टची सिक्युरिटी बेसलाइन (सुरक्षेच्या शिफारशीच्या सेटिंगचा तयार संच) अ‍ॅन्सिबलने (अनेक मशीनवर एकदम बदल लावणारं साधन) वीसेक सर्व्हरवर लावली, तीही डोमेन मेंबरसाठीची, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती खाते-व्यवस्थेत जोडलेल्या सर्व्हरसाठीची. माझे सर्व्हर डोमेनमध्ये नव्हतेच. ही बेसलाइन लोकल अ‍ॅडमिनला नेटवर्कवरून लॉगिन नाकारते, आणि माझं अ‍ॅन्सिबल नेमकं त्याच खात्याने आत जायचं. लॉगिनचा हक्क फक्त लॉगिन होताना तपासला जातो, त्यामुळे चालू सेशन टिकलं आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसलं. पुढच्या वेळी विनआरएम (विंडोजला दुरून आदेश देण्याची सोय, अ‍ॅन्सिबल तीच वापरायचं) बंद, रिमोट डेस्कटॉपही बंद. एकेका मशीनच्या कन्सोलवरून (थेट त्याच्याच स्क्रीनवरून) हाताने उलटं फिरवत पहाट झाली. डोमेनबाहेरच्या सर्व्हरसाठीचा पर्याय त्याच पॅकेजमध्ये होता. वाचलं कुणी?

तेव्हापासून आधी सेकएडिटने (विंडोजचीच एक कमांड) चालू सेटिंग एक्सपोर्ट करतो, एकाच सर्व्हरवर बदल लावतो आणि दुसऱ्या मशीनवरून नवीन लॉगिन करून बघतो. तोवर कन्सोलची खिडकी बंद करत नाही. वेळ जातो, जाऊ दे.

दुसरी, जास्त छळणारी चूक: एकच सेटिंग ग्रुप पॉलिसीतही (डोमेनमधून सगळ्या मशीनवर लागणारे नियम) आणि स्क्रिप्टमध्येही. डोमेनमधल्या सर्व्हरवर ग्रुप पॉलिसीची सिक्युरिटी सेटिंग काही बदललेलं नसलं तरी साधारण दर 16 तासांनी पुन्हा लागतात. म्हणजे तुमचा बदल दिवसभर टिकतो आणि दुसऱ्या सकाळी गायब. लोक स्क्रिप्टला शिव्या घालत बसतात. आधी जीपीरिझल्ट या कमांडचा रिपोर्ट काढा, सेटिंग कुठल्या पॉलिसीतून येतेय ते त्यात दिसतं. ती पॉलिसीत असेल तर मी स्क्रिप्टमधली ओळ सरळ उडवतो.

एसएमबी 1 (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) बंद करायलाच हवं, पण आधी त्याचं ऑडिट चालू करून कोण वापरतंय ते पाहा. एखादा जुना स्कॅनर निघतोच.

एक्झिक्युशन पॉलिसी (पॉवरशेलमध्ये कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या ते ठरवणारी सेटिंग) हे कुलूप नव्हे.

ट्रस्टेड होस्टमध्ये (विनआरएमने कुठल्या मशीनवर विश्वास ठेवायचा त्या यादीत) तारा (*), म्हणजे 'कुठलंही मशीन चालेल', टाकून 'झालं एकदाचं' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, ती ओळ काढून टाकतो.

स्क्रिप्टमध्ये अ‍ॅडमिनचा पासवर्ड? नको. लॅप्स (लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड आपोआप बदलून सांभाळणारी विंडोजची सोय) एप्रिल 2023 च्या अपडेटपासून सर्व्हर 2019 आणि 2022 मध्ये आलंय, ते वापरा.