ऐकलेल्या अल्बमविषयी लिहिताना

अल्बमविषयी मत मांडण्यापूर्वी तो किमान दोनदा, गाण्यांचा क्रम न बदलता, सलग ऐकावा. या क्रमाला अर्थ असतो. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली तेव्हा तिच्या एका बाजूवर साधारण २० ते २५ मिनिटांचेच संगीत मावत असे. त्यामुळे पहिली बाजू कोणत्या गाण्याने संपवायची आणि तबकडी उलटल्यावर श्रोत्याला पुन्हा कसे गुंतवायचे, याचा विचार कलावंतांना करावा लागे. १९८२ मध्ये सीडी बाजारात आल्यावर ही मर्यादा ७४ मिनिटांपर्यंत गेली आणि अल्बम लांबत गेले, त्यांतले बरेचसे विनाकारण. म्हणून जुन्या अल्बमविषयी लिहिताना पहिली बाजू कोठे संपत होती, हे आधी पाहून घ्यावे.

आपण कोणती आवृत्ती ऐकली, हेही नोंदवावे. रीमास्टर केलेली, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणावर नव्याने ध्वनिसंस्कार केलेली, आवृत्ती पुष्कळदा मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा मोठ्या आवाजाची असते आणि मोठा आवाज कानाला सहज सरस वाटतो. तुलना करायची असल्यास दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा.

‘अप्रतिम’ हा शब्द शक्यतो टाळावा (मलाही तो अजून पुरता टाळता आलेला नाही). त्याऐवजी कोणत्या गाण्यात, कितव्या मिनिटाला, बास गिटारने किंवा ड्रमने नेमके काय केले, ते लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला ती जागा स्वतः ऐकून सहमत किंवा असहमत होता येते. दुसऱ्याचे मत पटले नाही, तर त्याला प्रथम त्याची आवडती जागा विचारावी.