बोलायला लागलं की पाऊल थांबतं का? ज्येष्ठांचं पडणं टाळण्यासाठी काय करावं

घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीबरोबर चालत असताना जरा आठवून सांगावं लागेल असा एखादा प्रश्न विचारा आणि त्यांच्या पावलांकडे बघा. चालता चालता उत्तर येतं, की पाऊल थांबतं आणि मगच तोंड उघडतं? १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी निवासी सेवागृहातल्या ५८ वृद्धांच्या बाबतीत एवढंच टिपलं होतं. त्यांतले १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत या १२ पैकी १० जण पडले.

थांबल्यामुळे ते पडले, असं मात्र नाही. थांबणं ही खूण आहे. चालणं आणि बोलणं या माणसाला एकदम पेलत नाही, हे ती सांगते.

तरुणपणी चालणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यासाठी वेगळं लक्ष द्यावं लागत नाही. वय वाढतं तशी नजर मंदावते, तळव्यांना जमिनीचा अंदाज कमी येतो, पायांतली ताकद घटते, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणाही थकते. ही उणीव मेंदू लक्ष देऊन भरून काढतो. पण हिशेब करणं, आठवणं, ठरवणं यांसाठीही तेच लक्ष लागतं आणि त्याचा साठा मर्यादित असतो. म्हणून शांतपणे चालताना व्यवस्थित दिसणारा माणूस बोलण्यात गुंतला की अडखळतो. पासष्टीपुढच्या साधारण तीनांपैकी एकजण वर्षभरात एकदा तरी पडतो. पाय घसरला किंवा ठेच लागली, एवढं म्हणून आपण विषय मिटवतो. त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं, हे सहसा कोणी विचारत नाही.

आधी मोजून पाहा

सपाट, मोकळ्या जागेत ६ मीटर अंतर आखा. रोजची पादत्राणं, रोजचा चष्मा, काठी असेल तर काठी. नेहमीच्या वेगाने चालायला सांगा आणि वेळ लिहून ठेवा. थोडी विश्रांती झाली की तेच अंतर पुन्हा, पण या वेळी १०० मधून तीन-तीन वजा करत, मोठ्याने आकडे म्हणत. हिशेब नकोसा वाटत असेल तर प्राण्यांची नावं सांगत चालू द्या. तुम्ही मात्र पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर, किंचित मागे आणि बाजूला राहा. उभं राहतानाच ज्यांचा तोल जातो किंवा जे नुकतेच पडले आहेत, त्यांची ही चाचणी घरी करूच नका.

समजा, पहिल्यांदा ६ सेकंद लागले आणि दुसऱ्यांदा ८. म्हणजे वेग सेकंदाला १ मीटरवरून पाऊण मीटरवर आला, पाव हिस्सा घटला. थोडा वेग तर तरुणांचाही कमी होतो. पण घट पाचव्या हिश्शाहून जास्त असेल, माणूस मध्येच थांबत असेल, बाजूला झुकत असेल किंवा भिंत धरत असेल, तर डॉक्टरांना सांगा. घड्याळापेक्षा मी पावलांवर जास्त विश्वास ठेवेन: एक लांब, एक आखूड अशी पावलं पडू लागली तर सेकंद कितीही चांगले आलेले असोत, ती काळजीची गोष्ट आहे.

मग घरच्यांनी स्वतःच्या सवयी बदलाव्यात

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि त्याला खर्चही नाही. जिना उतरणाऱ्या माणसाला खालून प्रश्न विचारू नका. पाठीमागून हाक मारू नका. हाक आली की मान वळते, मानेबरोबर तोल जातो. महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर त्यांना बसू द्या, मग सांगा. फोन वाजला की धावत जाऊन उचलायचा नाही, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवा आणि त्यांना फोन करताना रिंग जरा जास्त वेळ वाजू द्या. बोलण्यासाठी ते वाटेत थांबले तर तुम्हीही थांबा. त्यांना घाईने पुढे ओढणं म्हणजे त्यांचा स्वतःला जपण्याचा उपाय काढून घेणं आहे.

आणि ‘पायाकडे बघून चाला’ असं सारखं बजावणं बंद करा. काळजीपोटीच आपण ते म्हणतो. पण प्रत्येक पावलावर मुद्दाम लक्ष ठेवायला लागलं की अंग आखडतं, पावलं ताठ पडतात आणि पुढची वाट नीट पाहिली जात नाही. त्याऐवजी नजरेला ठिकाण द्या: ‘त्या दारापर्यंत जाऊ’, ‘आता समोर एक पायरी आहे’.

घरातलं ओझं कमी करा

वाटेतल्या वायरी, सरकणारी पायपुसणी, अंधारा कोपरा यांतली प्रत्येक गोष्ट थोडं थोडं लक्ष खाते. त्या काढा, रात्री शौचालयापर्यंत उजेड राहील असं बघा, जिन्याला कठडा लावा. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, म्हणून जिन्यावर मान खाली घालून वरच्या काचेतून बघायला सांगा. दोन्ही हातांत सामान नको.

शेवटी सराव

लक्ष आणि चाल यांची सांगड सरावाने सुधारता येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जिनिव्हातल्या एका अभ्यासात पासष्टीपुढच्या १३४ जणांनी भाग घेतला. पियानोच्या बदलत्या ठेक्यावर चालायचं, वळायचं, मधूनच हातातली वस्तू सांभाळायची, असा आठवड्याला एक तासाचा वर्ग होता. सहा महिन्यांत वर्गातल्यांची चाल सुधारली आणि त्यांचं पडण्याचं प्रमाण वर्ग न केलेल्यांपेक्षा कमी राहिलं.

घरी मात्र क्रम पाळा. आधी पायांची ताकद: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, ओटा धरून टाचा उचलणं. ते जमल्यावर कठड्याजवळ चालत एक सोपं काम जोडा, जसे की आठवड्याचे वार उलटे म्हणणं. पाऊल डगमगलं की बोलणं सोडायचं, चालणं सांभाळायचं. हे आधीच ठरवून ठेवा. पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये मेंदू नेमकं उलटं करतो, बोलणं चालू ठेवतो आणि तोल सोडतो. त्यांचा सराव फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच व्हावा.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या औषधांची यादी न्या. झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्या तर विसरू नका, त्या लक्ष आणि तोल दोन्ही मंद करतात. सोबत चाचणीतल्या दोन्ही वेळा लिहिलेला कागद न्या. पूर्वी पडले असतील तर त्या प्रत्येक वेळी ते कोणाशी बोलत होते, काय शोधत होते, कशाच्या घाईत होते, हेही त्यावर लिहा.