ज्युलिया कुणी शिकावी आणि कशी: सिम्युलेशनच्या कामातला अनुभव

ज्युलिया ही प्रोग्रामिंगची भाषा आहे. नोकरीच्या साइटवर ‘ज्युलिया’ टाकून शोधलंत तर फारसं काही हाती लागणार नाही, हे आधीच सांगते. तरीही ज्यांना गणिती मॉडेलिंगमध्येच काम करायचं आहे, मग ते इंजिनिअरिंगचे असोत, भौतिकशास्त्राचे की संख्याशास्त्राचे, त्यांना मी ही भाषा शिकायचा आग्रह करते. मी स्वतः बॅटरी पॅकच्या तापमानाचं सिम्युलेशन करते. आमच्याकडे माणूस घेतात तो डिफरन्शियल समीकरणं कळतात म्हणून. भाषा कोणती येते हा त्यानंतरचा प्रश्न. म्हणून शोधायचं ते क्षेत्र, भाषा नव्हे.

या क्षेत्राचं जुनं दुखणं म्हणजे एकच काम दोनदा करावं लागणं. आधी मॉडेल मॅटलॅबमध्ये किंवा पायथनमध्ये उभं करायचं, आणि आकडे पटले की वेगासाठी तेच सी++ मध्ये नव्याने लिहायचं. मग दोन्हींची उत्तरं जुळेनात, की फरक कुठून आला ते हुडकत बसायचं. जेफ बेझन्सन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शाह आणि ॲलन एडलमन यांनी २००९ मध्ये ज्युलियावर काम सुरू केलं ते हे दुहेरी काम संपवण्यासाठी. २०१२ मध्ये त्यांनी ती जाहीर केली आणि २०१८ मध्ये १.० आवृत्ती आली. यातले विरल शाह ‘आधार’च्या उभारणीतही होते.

तुम्ही फंक्शन पहिल्यांदा चालवता तेव्हा ज्युलिया त्याला दिलेल्या किमतींचे टाइप (पूर्णांक, मॅट्रिक्स, शब्द असे प्रकार) बघते आणि त्या टाइपसाठी थेट मशीन कोड तयार करते. त्यामुळे साधा फॉर लूपही सीच्या जवळपास वेगाने पळतो. पायथनमधून येणाऱ्यांना लूप टाळायची सवय लागलेली असते, ती इथे सोडून द्या. मात्र मॅट्रिक्सवर लूप फिरवताना आतला लूप स्तंभातून खाली उतरणारा ठेवा, कारण मेमरीत स्तंभ सलग असतात.

पण वेगापेक्षा मला जास्त मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. हे बघा, देवनागरीतलं हे फंक्शन ज्युलियात जसंच्या तसं चालतं:

चौरस(क) = क * क

याला पूर्णांक द्या, वर्ग मिळेल. चौकोनी मॅट्रिक्स द्या, मॅट्रिक्सचा गुणाकार होईल. "जय" दिलंत तर "जयजय" येईल, कारण ज्युलियात गुणाकाराचं चिन्ह शब्द जोडतं. आता मोजमापातली त्रुटी सांभाळणारं मेझरमेंट्स हे पॅकेज, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, घ्या आणि ५ ± ०.१ द्या: उत्तर २५ ± १. दोन्ही पाच हे एकच मोजमाप आहे हे पॅकेज लक्षात ठेवतं. दोन्ही स्वतंत्र धरले असते तर त्रुटी ०.७ च्या आसपास, म्हणजे चुकीची आली असती. आपल्या एका ओळीला यातलं काही माहीत नव्हतं. दिलेल्या सगळ्या किमतींचे टाइप बघून योग्य मेथड (म्हणजे त्याच फंक्शनचा त्या टाइपसाठी लिहिलेला प्रकार) निवडायची, या पद्धतीला मल्टिपल डिस्पॅच म्हणतात आणि ज्युलियाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

रोजच्या कामात याचा अर्थ असा, की सेलचं सुरुवातीचं तापमान २५ ± ०.५ अंश असं लिहून मी ते समीकरणं सोडवणाऱ्या पॅकेजकडे देते आणि तापमानाचा आलेख त्रुटीच्या पट्ट्यासह बाहेर येतो. ही दोन पॅकेजं वेगवेगळ्या लोकांनी लिहिली आहेत. हे जमलेलं बघणं मला अजूनही फार आनंदाचं वाटतं.

याच लवचीकतेत धोकाही आहे. कुणी तरी अ‍ॅरे (किमतींची क्रमांकित यादी) १ पासूनच सुरू होतो असं गृहीत धरून लूप लिहिलेला असतो आणि तुम्ही त्याला वेगळ्या क्रमांकाने सुरू होणारा अ‍ॅरे देता. कधी एरर येते, कधी गुपचूप चुकीचं उत्तर येतं. म्हणून लूप ‘ईचइंडेक्स’ (eachindex) या, यादीचे खरे क्रमांक देणाऱ्या फंक्शनने फिरवा, आणि दोन पॅकेजं एकत्र जुंपली की उत्तर हाताने काढता येईल अशा लहान उदाहरणावर आधी पडताळा. ज्युलियाच्या पॅकेजांवर आंधळा विश्वास टाकू नये, हे माझं ठाम मत आहे.

पहिला आलेख उमटेपर्यंत चहा होतो, ही तक्रार तुमच्या कानावर येईल. ती जुनी झाली. २०२३ च्या १.९ आवृत्तीपासून पॅकेजांचा तयार मशीन कोड डिस्कवर साठवला जातो आणि ही वाट पाहणं खूप कमी झालं आहे.

पुढची दिशा मला दिसते ती २०२५ च्या १.१२ आवृत्तीत. आजवर ज्युलियातलं मॉडेल कुणाला द्यायचं तर जवळजवळ सगळी ज्युलियाच सोबत द्यावी लागे. आता न लागणारा कोड छाटून लहान, स्वतंत्र प्रोग्राम बनवायची सोय आली आहे. ती अजून प्रायोगिक आहे आणि बरीच पॅकेजं तिच्यात बसत नाहीत. पण हे नीट जमलं तर सी++ मध्ये पुन्हा लिहिण्याचं शेवटचं मोठं कारणही उरणार नाही. ज्युलिया पायथनची जागा घेईल असं मला वाटत नाही. एआयच्या मुख्य प्रवाहात ती नाही आणि तिथे जायचं असेल तर पायथनच शिका. तिची पकड आहे ती समीकरणं सोडवणं, ऑप्टिमायझेशन, औषधांचं मॉडेलिंग आणि हवामान यांत. अमेरिकेतला क्लायमा हा हवामान-मॉडेलचा प्रकल्प ज्युलियात लिहिला जातोय. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने आपलं अर्थव्यवस्थेचं मॉडेल मॅटलॅबमधून ज्युलियात आणलं.

सुरुवात करताना ‘ज्युलियाअप’ (juliaup) या इन्स्टॉलरने इन्स्टॉल करा, म्हणजे आवृत्त्या बदलणं सोपं जातं. प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्या पॅकेजांची वेगळी यादी, ठेवा. सगळं काम फंक्शनच्या आत करा, कारण फंक्शनबाहेरच्या म्हणजे ग्लोबल व्हेरिएबलमुळे वेग कोसळतो. तरीही कोड रेंगाळला तर ‘कोड-वॉर्नटाइप’ मॅक्रो (@code_warntype) चालवा. टर्मिनलवर लाल रंगात ‘एनी’ (Any) दिसलं, की त्या जागी ज्युलियाला टाइप ठरवता आलेला नाही असं समजा. एवढी एक सवय लागली तरी वेगाचे बहुतेक प्रश्न सुटतात.

पहिला प्रोजेक्ट तुमच्याच अभ्यासक्रमातून घ्या: उत्तर आधीच माहीत असलेलं एखादं समीकरण, म्हणजे न्यूटनचा थंड होण्याचा नियम किंवा लंबक. ते चाललं की त्यात त्रुटी घाला, एकके घाला. मग ‘विच’ (@which) मॅक्रोने कोणती मेथड चालली ते शोधून तिचा सोर्स उघडा. बहुतेक पॅकेजं ज्युलियातच लिहिलेली असल्याने तो वाचता येतो. वाचताना डॉक्युमेंटेशनमध्ये कुठे तरी उणीव दिसेलच; ती दुरुस्त करून पाठवा. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्याच्या सीव्हीत मी आधी अशी दुरुस्ती शोधते आणि पहिला प्रश्न तिच्यावरच विचारते.